दिवाकरभाऊंचं खोटं

दिवाकरभाऊ डॉक्टर नव्हते. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे आणि कुणी ऐकायचं नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, बैलाला धरून ठेवणं आणि साहेबांनी सुई मारली की ती जागा चोळून देणं. मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहायला गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी सकाळी सातला त्यांच्या फाटकाशी कुणी ना कुणी बकरी घेऊन उभं असायचंच.

"डॉक्टर, पाहा ना जरा."

"मी डॉक्टर नाई बा, पट्टीवाला आहो," असं म्हणेपर्यंत त्यांनी बकरीचा जबडा उघडून हिरड्या बघायला सुरुवात केलेली असायची. जनावरांशी ते अहो-जाहो करत. "थांबा हो बाई, झालंच." बकरीसुद्धा जरा भारावल्यासारखी उभी राहायची.

मार्कंड्याच्या यात्रेच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरचं हे गाव. गावाच्या टोकाला आमची गल्ली, गल्लीमागे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीपलीकडे लगेच जंगल. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी, माझी मांजर आणि गुलाबाच्या सहा कुंड्या एवढेच तिथे आलो होतो.

दुसऱ्याच महिन्यात गुलाबावर भुरी पडली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखं पांढरं. मी दुकानातून गंधकाची पुडी आणली, पाण्यात कालवली आणि रविवारी भर दुपारी फवारायला लागले. तारेच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

खाकी रंगाचा जुना सरकारी शर्ट, बारीक अंग, उजव्या हाताची करंगळी वाकडी. ती एका म्हशीने दावणीला दाबून वाकडी केली होती, आणि त्यात म्हशीची काहीच चूक नव्हती, असं त्यांनी मला पुढे दोनदा सांगितलं.

"भुरी आहे ना," मी म्हणाले.

"भुरी हाये ते मलेबी दिसते. पण या उन्हात गंधक मारलं तं पानं करपतीन. वारा तुमच्याकडं तोंड करून हाये. अना तुमची मनीबाई कुंडीला टेकून झोपली हाये."

मांजर खरंच तिथे होती, पाठीवर पांढरे थेंब घेऊन. त्यांनी मला ती ओल्या फडक्याने पुसायला लावली. म्हणाले, मांजर अंग चाटते, पंजे चाटते. आपण पानावर मारतो आणि ते तिच्या पोटात जाते. फवारायचं तर ऊन उतरल्यावर, मधमाश्या घरी गेल्यावर. पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं आधी उचलायचं. पान सुकेपर्यंत मांजर घरात कोंडायची. आणि औषध लागेल तेवढंच कालवायचं, उरवायचं नाही.

"पुडीवर लिहिलेलं असते सगळं," ते म्हणाले. "पण पुडी वाचणारे आपण. जनावर वाचत नाई."

मी पुडी उलटून पाहिली. विषाच्या खुणेचा रंग हिरवा होता. म्हटलं, हिरवा म्हणजे फारसं विषारी नाही ना?

"हिरवा म्हंजे लालापेक्षा बरं. पिऊन पाहा असं नाई."

माणसांशी ते असं बोलायचे, न हसता, आणि मग तिथेच उभे राहायचे. समोरचा काम नीट करतोय याची खात्री होईपर्यंत हलायचे नाहीत.

त्यांना रागावलेलं मी पाहिलं नाही. आमच्या गल्लीत गणपत म्हणून एक गवंडी राहायचा. दांडगा, मोठ्या आवाजाचा, मनाने साफ. त्याने एकदा वांग्यांवर औषध मारलं आणि पंप बोडीत नेऊन धुतला. दुसऱ्या दिवशी काठाशी मासे पोटं वर करून तरंगत होते. लोक जमले, गणपतला बोलायला लागले. दिवाकरभाऊंनी घरून टोपली आणली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मेलेले मासे वेचायला लागले. कुणी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बगळे येतीन ना आता. ते खातीन." पाण्याला जनावरं येऊ नयेत म्हणून काठावर काटेरी फांद्या टाकल्या. ऊन तापलं तरी त्यांचं वाकणं चालूच होतं. शेवटी गणपतच पाण्यात उतरला आणि त्याने त्यांच्या हातातली टोपली घेतली. दोघांनी मिळून दूर खड्डा खणून मासे पुरले. त्यानंतर गणपतने पंप कधी बोडीकडे नेला नाही.

दिवाकरभाऊंच्या घरात नवरा-बायको दोघंच. सिंधूबाई त्यांच्याहून उंच, शांत, स्वयंपाकात आणि बागेत सारखाच हात चालणाऱ्या. इकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. सिंधूबाईंच्या परसातली भेदरं गल्लीभर जायची. आणि तिसरा होता सायेब. खांद्यावरच्या जखमेत किडे पडलेलं एक कुत्रं दिवाकरभाऊंनी नोकरीच्या शेवटच्या वर्षात घरी आणलं. बरं झाल्यावर ते दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसायला लागलं, म्हणून सिंधूबाईंनी त्याचं नाव सायेब ठेवलं. "सायेब, या जेवाले," अशी हाक रोज दुपारी ऐकू यायची. नव्या माणसाला वाटायचं घरात कुणी मोठा पाहुणा उतरलाय. तो सिंधूबाईंचा कुत्रा. त्या बोडीवर गेल्या तर मागे, विहारात वंदनेला गेल्या तर घराच्या फाटकाशी बसून वाट पाहणार.

पोळा होऊन गेला होता. पाऊस उघडून कडक उन्हं पडायला लागली होती आणि भेदरांवर करपा आला होता. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण फवारायचं ठरलं. मोरचूद म्हणजे निळे खडे. ते आधी वेगळे विरघळवून ठेवावे लागतात. आदल्या दिवशी दिवाकरभाऊ सिंधूबाईंना सांगत होते ते मी कुंपणापाशी ऐकलं होतं. "लोखंडी बादलीत नको कालवू. मोरचूद लोखंड खाते. प्लास्टिकचं घे."

रविवारी सकाळी ते कुणाची तरी गाय बघायला गेले. सिंधूबाई विहारात जायच्या गडबडीत होत्या. परसात प्लास्टिकचं मोकळं भांडं एकच होतं, सायेबाच्या पाण्याचा टब. त्यांनी त्यात मोरचूद भिजत घातलं, वर पाटी उपडी घातली आणि गेल्या. पाटी वाऱ्याने की कशाने सरकली कोण जाणे.

मी मागच्या बाजूला कपडे धूत होते. "मॅडम," अशी हाक आली, अगदी हळू. मी गेले तर दिवाकरभाऊ मातीत बसले होते आणि सायेब त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. बाजूला ओकारी पडली होती, निळसर हिरवी. त्यांनी मला अंडी फोडायला लावली. पांढरं वेगळं करून दुधातून पाजलं. ते बाहेर आलं. दवाखान्याचे डॉक्टर साहेब लसीकरणाला खेड्यावर गेलेले होते, फोन लागत नव्हता. घरात सलाईनची बाटली होती. त्यांनी शीर शोधली आणि बाटली मी धरून उभी राहिले. पेरूच्या झाडाखाली तासभर तरी उभी असेन. सायेब मध्येच पोट आवळून कण्हायचा, आणि ते म्हणायचे, "हो ना, हो ना. दुखते ना. थांबा जरा."

बाराच्या आधी तो गेला.

त्यांनी सुई काढली. मग त्याचं तोंड धुतलं, ओठाच्या कडेची निळाई पुसली, पुन्हा पुसली. टबातलं उरलेलं पाणी चुन्यात मिसळलं, विहिरीपासून आणि बोडीपासून लांब खड्डा केला आणि त्यात ओतून वर माती लोटली. हे सगळं ते इतक्या सावकाश करत होते की मला वाटलं, आता रडतील. ते रिकामा टब घेऊन कुंपणाशी आले.

"हा तुमच्याकडं ठेवा, मॅडम. अना कोणाले बोलू नका. सिंधूले मी साप चावला म्हणून सांगतो."

"पण का, भाऊ?"

"आमची एक पोरगी होती. दोन वर्षांची. तापानं गेली. औषध सिंधूनं पाजलं होतं, अना तिच्या डोक्यात बसलं का आपल्याच हातानं जास्त झालं. तसं नव्हतं. डॉक्टरनं सांगतलं, मी सांगतलं. पण एक वर्ष बोलली नाई ती. चुलीपाशी बसून राहे नुसती. मी ड्युटीवरून येवो तं सकाळी बसली तिथीच." त्यांनी टब कुंपणावरून माझ्या हातात दिला. "पुन्हा ते मी नाई पाहू शकत. अना प्लास्टिकचं घे म्हणून मीच तं बोललो."

सिंधूबाई एकच्या सुमारास आल्या, विहारात जायची पांढरी साडी नेसलेल्या. त्यांनी फाटकातूनच पाहिलं.

"साप चावला," दिवाकरभाऊ म्हणाले.

"कुठी?"

"पायाले."

त्या खाली बसल्या, सायेबाचा पाय हातात घेतला आणि बघत राहिल्या. एक पाय, मग दुसरा. बऱ्याच वेळाने "बरं" म्हणाल्या आणि पदराने त्याच्या अंगावरच्या माश्या वारायला लागल्या.

बातमी गल्लीत पसरली. सायेब सगळ्यांचा लाडका होता. पोरं रडली. मोठी माणसं काठ्या घेऊन परसं धुंडाळायला लागली. तिसऱ्या दिवशी गणपतच्या घरामागच्या सरपणाच्या ढिगातून साप निघाला.

मी शाळेतून येत होते. गल्लीत घोळका होता आणि मधोमध पिवळसर, लांबलचक साप भिंतीच्या कडेने वाट शोधत होता. धामण होती. एरवी असं काही झालं की दिवाकरभाऊंना बोलवायचे आणि ते म्हणायचे, "धामण हाये बा, उंदीर खाते, तुमचंच धान वाचवते," आणि काठीच्या टोकाने तिला बोडीकडे लावून द्यायचे. किती साप त्यांनी असे वाचवले होते.

ते आले. फाटकात उभे राहिले. "धामण हाये," ते म्हणाले. "तिले विष नसते, गणपत. जाऊ दे."

गणपतच्या डोळ्यांत पाणी होतं. "मंग सायेबाले कोणी मारलं, भाऊ? हिनं नाई तं कोणी?"

दिवाकरभाऊंनी मागे वळून पाहिलं. दारात सिंधूबाई उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं. ते परत गल्लीकडे वळले. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, पण शब्द आला नाही. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मीही मान खाली घातली.

गणपतने काठी मारली. मग सगळ्यांनीच.

घोळका पांगल्यावर दिवाकरभाऊ फावडं घेऊन आले, धामणीला उचललं आणि सायेबाशेजारी पुरलं. त्या पावसाळ्यात गल्लीत आणखी तीन साप मारले गेले, त्यातला एकही विषारी नव्हता. लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या कुत्र्याला साप चावला तेव्हापासून आम्ही सोडत नाही. ते तिन्हीही त्यांनीच पुरले. त्यांना बोलवायला मात्र आता कुणी येत नव्हतं.

त्यानंतर त्यांचा नवा नेम सुरू झाला. दर रविवारी सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. "आज कोणी फवारून राह्यले का?" कुणी हो म्हटलं की आत शिरायचे. कोंबड्या कोंडल्या का? शेळी बांधली का? औषध कशात कालवलं? जेवणाचं, पाण्याचं, जनावराचं भांडं वापरायचं नाही. भिजत घातलं तर सोडून जायचं नाही. कुणी औषध शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसलं की तिथेच बसून राहायचे, त्याने ते मूळच्या डब्यात परत भरून उंचावर ठेवेपर्यंत. बी पेरताना औषध लावलेले गुलाबी दाणे वाफ्याबाहेर सांडले असतील तर चिमण्या येण्याआधी एकेक वेचायचे. पोरं त्यांची नक्कल करायची. कुणी विचारायचं, "डॉक्टर, एवढं काऊन मागं लागता?" ते म्हणायचे, "असंच." पूर्वीसारखं न हसता गंमत करणं मात्र बंद झालं होतं.

तीन वर्षांनी सिंधूबाई आजारी पडल्या. हृदय मोठं झालंय म्हणाले. चंद्रपूरला नेऊन आणलं, पण तिथल्या डॉक्टरांनी घरीच ठेवा असं सांगितलं. थंडीत त्या परसात खाटेवर ऊन खात पडायच्या. एका दुपारी मी संत्री सोलून देत होते. दिवाकरभाऊ औषधं आणायला गेले होते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "टब तुमच्याकडं हाये ना?"

मी हातातली फोड ताटलीत ठेवली.

"साप नव्हता चावला. मले माहीत हाये. मी त्याचे पाय पाह्यले, तवाच कळलं. दाताची खूण नाई, सूज नाई. मागं जाऊन पाह्यलं तं टब नाई, पाटी बाजूले पडलेली. त्यायनं तोंड धुतलं होतं, पण मिशीच्या केसाले निळं राह्यलं होतं थोडंसं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"कसं बोलू? ते आयुष्यात कोणाशी खोटं नाई बोलले. माह्यासाठी पयल्यांदा बोलले. मी कबूल केलं असतं तं त्यायले वाटलं असतं, मी पुन्हा तशीच होईन, पोरीच्या वेळेसारखी. मंग मी रोज हसली, बोलली, भेदरं लावली." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "एकच मनात राह्यलं. धामण मारली त्या दिशी मी दारातच होती. ते माह्याकडं पाहून चूप झाले. मी एक शब्द बोलली असती तं ते जनावर वाचलं असतं. मीबी नाई बोलली."

"त्यांना सांगू मी?"

"नको," त्या म्हणाल्या. "नाई सांगाचं. तीन वर्ष त्यायनं ओढलं, ते वाया जाईन."

फाटकाचा आवाज झाला. दिवाकरभाऊ आले होते. "जेवली का थोडंसं?" त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन संत्री खाल्ली." खाल्ली नव्हती.

होळीच्या आधी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली आली होती. वंदना झाली, लोक सिंधूबाईंबद्दल दोन-दोन शब्द बोलले. शेवटी दिवाकरभाऊ उठले. बोलायची त्यांना सवय नव्हती. हात कुठे ठेवावे कळत नव्हतं.

"सायेबाले साप चावला असं मी सांगतलं होतं," ते म्हणाले. "ते खोटं होतं. तो मोरचुदाचं पाणी पिऊन मेला. मी भिजवलं होतं, त्याच्याच टबात. उघडं टाकून गेलो. सिंधूले लागलं असतं म्हणून साप सांगतला. तुम्ही मंग साप मारत गेले, अना मी पाहत राह्यलो. सापानं काही केलं नव्हतं."

गणपत पुढे बसला होता. त्याने विचारलं, "मंग ती धामण, भाऊ?"

"ती फुकट मेली, गणपत. माह्यानं मेली. तुह्यानं नाई."

गणपतने डोकं दोन्ही हातांत धरलं. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "एवढा जाणता माणूस अना असं केलं?" मला उठून म्हणावंसं वाटलं की त्यांनी नाही केलं. खरं सांगायला उभा राहिलेला हा माणूस त्यातही मधोमध एक खोटं ठेवून बोलतोय. पण ज्या बाईंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं त्यांचा हार घातलेला फोटो समोर होता. मी बसून राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांचा पुतण्या त्यांना सिरोंच्याकडे घेऊन जायला आला. घर विकलं नाही, कुलूप लावलं. मी बसस्टँडवर गेले. सामान म्हणजे एक पेटी आणि एक पिशवी. पुतण्या तिकिटं काढायला गेला तेव्हा ते खिडकीशी बसले होते, तोच खाकी शर्ट, फक्त आता सैल झालेला. मी खाली उभी होते.

"मनीबाई जेवते ना?" त्यांनी विचारलं. मांजर म्हातारी झाली होती.

"जेवते. कमी जेवते."

"दात पाहा तिचे." मग खिडकीच्या गजावर वाकडी करंगळी घासत म्हणाले, "ती होती तवर बोलता नाई आलं मले. पण एक बरं झालं, मॅडम. तिले शेवटपर्यंत कळलं नाई."

इंजिन सुरू झालं होतं. ते माझ्याकडे बघत होते, काही तरी ऐकायचं असल्यासारखे. मला वाटतं, त्यांना शंका असावी. मला वाटतं, त्यांना नुसतं कुणी तरी ते म्हणायला हवं होतं.

"हो, भाऊ," मी म्हणाले. "नाही कळलं त्यांना."

त्यांनी मान हलवली. बस मागे सरकली, वळली. ते समोर बघत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शेजारची जागा रिकामी होती. तिथे बसायला आलेल्या पुतण्यासाठी ते आणखी खिडकीकडे सरकले आणि मग मला दिसेनासे झाले.